संगीतनिर्मितीचा अभ्यास : सावकाश, पण अखंड



दिवसभराच्या नोकरीवरून किंवा सैन्यसेवेतून घरी आलेला मुलगा जेवण उरकून संगणकापुढे बसतो, कानांवर हेडफोन चढवितो आणि मध्यरात्र उलटली तरी उठत नाही, अशी तक्रार हल्ली पुष्कळ माता करतात. मुलीही यात मागे नाहीत. हा रिकामटेकडा खेळ नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. स्वतः चाल बांधून, वाद्ये योजून, ध्वनिमुद्रण करून संपूर्ण गाणे घरीच सिद्ध करण्याची ही विद्या आहे. मात्र मोठ्या हौसेने तिला हात घालणारी कितीतरी मुले सहा महिन्यांत थकतात, चिडतात आणि यंत्रे कपाटात टाकून देतात. असे का व्हावे, आणि ते कसे टाळावे, याचा आज विचार करू.

पहिले कारण म्हणजे या एका नावाखाली दडलेले अनेक व्यवसाय. आपल्या आईवडिलांना प्रिय असलेली मुंबईची चित्रपटगीते आठवा. शंकर-जयकिशन चाल देत, तिचा वाद्यमेळ सबॅस्टियन डिसोझा रचीत, वादक निराळे, गायक निराळे आणि यंत्रांपाशी बसलेला ध्वनिमुद्रकही निराळाच. राहुलदेव बर्मन यांच्यापाशी बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग व मारुतीराव कीर यांच्यासारखे जाणते सहायक होते. तेथे दहा जणांनी वाटून घेतलेले काम आज एकटा मुलगा शयनगृहाच्या कोपऱ्यात करू पाहतो, आणि पहिल्या वर्षीच त्या तोडीचे होत नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवितो! त्याच्या बुद्धीत उणे काही नाही. मोजमाप चुकीचे आहे.

दुसरे कारण कानाचे. डोळा थकला की पाणी येते, पाय थकले की दुखतात. कान मात्र निमूटपणे थकतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास ऐकावा, आणि पुढील प्रत्येक ३ डेसिबलला तो वेळ निम्मा करावा, अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि ९४ ला अवघा १ तास. शिवाय फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले की, आवाज मोठा केला असता खर्जातील स्वर कानाला तुलनेने अधिक भरलेले वाटतात. म्हणूनच रात्री दीड वाजता मोठ्या आवाजात भरदार वाटलेले गाणे सकाळी पोकळ लागते आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. आवाज इतका असावा की शेजारी बसलेल्याशी न ओरडता बोलता यावे. पाऊण तास ऐकल्यावर दहा मिनिटे कानांना शांतता द्यावी. कानांत घुमणे सुरू होऊन ते थांबत नसेल, तर वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

तिसरे कारण असे की, विद्या एका घासात गिळता येत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने १८८५ मध्ये सिद्ध केले की, एकाच बैठकीत कोंबलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांवर विभागलेले पाठांतर अधिक टिकते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतील उत्तम व्हायोलिनवादकांची दिनचर्या तपासली गेली. त्यांचा एकांतातील सराव रोज सरासरी साडेतीन तासांचा होता, तोही मध्ये विश्रांती घेत. आणि ते दुपारी झोपही काढीत! ज्यांचे जीवनच संगीत आहे त्यांची ही मर्यादा, तर कारखान्यातून आठ तास काम करून आलेल्याने रात्रीचे पाच तास कोठून आणावेत?

म्हणून आठवड्यातून चार संध्याकाळी, प्रत्येकी पाऊण तास, एवढाच नेम धरावा. शब्बाथ पाळणाऱ्या घरांत एक दिवस यंत्र आपोआप बंद असते. इतरांनीही असा एक दिवस राखावा. पहिल्या महिन्यात एकच प्रणाली घ्यावी. ऑडॅसिटीसारखी विनामूल्य मिळणारीही पुरते. तीत एक आवाज मुद्रित करणे, नको तो भाग कापणे आणि नीट नाव देऊन जतन करणे एवढेच शिकावे. दुसऱ्या महिन्यात त्या आवाजाला एका वाद्याची जोड द्यावी. तिसऱ्यात केवळ लहानमोठेपणा आणि डावेउजवेपणा यांचा तोल साधावा. इक्वलायझर व कॉम्प्रेसर त्यानंतर. दर महिन्याअखेर दोन मिनिटांची एक रचना, कशीही असो, पुरी करावी. अर्धवट पन्नास गाण्यांपेक्षा पुरे झालेले एक साधे गाणे अधिक शिकविते. जोवर हातातील साधन पुरते वापरले नाही, तोवर नवे विकत घेऊ नये.

पहिला पाठ म्हणून काय निवडावे? माझे उत्तर आहे : घरातील आजीचे गाणे. १९५० व १९६० च्या दशकांत तरुणपणी भारतातून येथे आलेली माणसे आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. मेंदीची गाणी, मलिदाच्या वेळची गाणी, मराठी कीर्तनांतील पदे ज्यांच्या कंठात आहेत, त्यांचा कंठ आपल्या सवडीची वाट पाहणार नाही. आणि हे कामच आपल्याला योग्य गती शिकविते, कारण वृद्ध माणूस अर्ध्या तासापलीकडे गाऊ शकत नाही. एका भेटीत दोन गाणी पुष्कळ झाली.

खिडक्या लावाव्यात, मझगान व पंखा बंद करावा, भिंतीशी गोधडी टांगावी. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूस ठेवावा, म्हणजे श्वासाचा धक्का बसत नाही. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट एवढी प्रत ठेवावी आणि सर्वांत मोठा स्वरही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. खोलीची अर्धा मिनिट शांतताही मुद्रित करावी. पुढे पार्श्वभूमीचा गोंगाट काढताना ती उपयोगी पडते. गाणे संपल्यावर आजीकडून तेच शब्द सावकाश बोलून घ्यावेत आणि ते कोणत्या गावी, कोणाकडून शिकली, हेही विचारावे. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. मात्र तिच्या गाण्याला यंत्राचा ठोका लावून ‘सुधारू’ नये. तिची लय श्वासाबरोबर हलते. ती चूक नव्हे, तीच तिची ओळख आहे.

मुलांनो, गाणे केवळ आनंदासाठी ऐकणे बंद झाले, दुसऱ्याचे काम ऐकून मत्सर वाटू लागला, झोप उडाली, तर आठवडाभर यंत्राला हात लावू नका. ती हार नव्हे. आणि पालकहो, ‘एवढे पैसे घातले, मग गाणे कोठे आहे?’ असे विचारू नका. ‘आज काय शिकलास?’ असे विचारा. जमल्यास पाऊण तास संपताच चहाचा पेला घेऊन दारात उभे राहा.

पुढील अंकी, पेटाऱ्यात पडलेल्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याविषयी लिहीन. तोवर त्या कोरड्या, थंड जागी आणि लोहचुंबकापासून दूर ठेवाव्यात, ही विनंती.