घारीच्या घरचे उष्टावण

आपल्याकडे मुलाचे उष्टावण म्हणजे केवढा सोहळा! मामाची मांडी, चांदीच्या वाटीतली खीर आणि भोवती कौतुकाला सारे घर. घारीच्या घरी यांतले काहीच नसते. पण पहिल्या घासाची काळजी मात्र तिथेही रतिभर कमी नसते.

वर्ध्याला आमच्या कॉलेजामागच्या कडुनिंबावर घारीचे घरटे आहे. माघ-फाल्गुनात पाने झडली, की प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकमित्राची दुर्बीण मागून घेऊन मी ते न्याहाळतो. पुष्कळांना वाटते, अंडे फुटताच आई पिलाच्या चोचीत मांस कोंबत असेल. तसे नव्हे. उरलेला बलक पोटात घेऊनच पिलू बाहेर येते. पहिला दिवस त्या शिदोरीवर निभावतो. मान जरा सावरू लागली, की मग घास.

सुरुवातीचे दिवस आई पिलांना ऊब देत बसते आणि शिकार आणतो बाप: कधी उंदीर, कधी सरडा, कधी खाटिकखान्याजवळून उचललेला तुकडा. आई ती पायाखाली दाबते, मऊ मांसाची इवलीशी कपची काढते आणि चोचीच्या टोकात धरून पिलापुढे वाकते. डुगडुगत्या मानेने पिलू चोच मारते. नेम चुकतो, घास पडतो. आई पुन्हा धरते. हाडामांसाच्या चिंधड्या उडवणाऱ्या चोचीला एवढी सबुरी कुठून येते, देव जाणे!

घारीची अंडी दोन-तीन. पिले एकदम न निघता दिवसा-दोन दिवसांच्या अंतराने निघतात. थोरले आधीच दांडगे झालेले असते. अन्न तुटपुंजे पडले, की धाकटे उपाशी राहते. म्हणजे बापाची एकेक खेप मोलाची.

घारीची अंडी पौष-माघात, म्हणजे नेमकी संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत. अंडी उबायला महिनाभर लागतो, तोवर पतंग संपतात. नायलॉनचा मांजा मात्र कुजत नाही, फांद्यांवर लोंबत राहतो. त्यात बापाचा पंख अडकला, तर आईने ऊब द्यावी की शिकारीला जावे? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली या मांज्यावर देशभर बंदी घातली. पण बंदी कागदावर असते आणि चक्री मुलाच्या हातात.

वाचकहो, दिवाळी झाली, की संक्रांत काही दूर नाही. मुलांना चक्री आणून द्याल, तेव्हा तिच्यावर साधा सुती दोरा आहे ना, एवढे आठवणीने पाहा.