चौमूंची मोजदाद

जयपूरहून सीकरच्या रस्त्याला लागले, की तीसेक किलोमीटरवर चौमूं येते. नाव ऐकलेले नसेल, पण तिथला वाडा मराठी घरांनी पाहिलेला आहे. 2007 च्या ‘भूलभुलैया’ चित्रपटातली भुताटकीची हवेली म्हणजे चौमूंचा गढीवजा राजवाडा. नाथावत घराण्यातल्या ठाकूर करणसिंहांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा पाया घातला. आता तिथे हॉटेल आहे. पाहुणे उतरतात, फोटो काढतात आणि जवळच्या सामोदचा महाल पाहायला निघून जातात. गावासाठी सहसा कोणी थांबत नाही.

थांबले तर दिसेल, की चौमूं राजवाड्यावर नाही, शेतीवर जगते. हिवाळ्यात मटार, पुढे कांदा, शिवाय आवळ्याच्या बागा. थंडीत घरोघरी बाजरीची भाकरी आणि राबडी. भाजी मात्र चांगली ती जयपूरच्या गाडीत चढते.

या भाजीला पाणी लागते, आणि पाऊस बेताचा. विहिरी आटल्या, मग बोअर आले, तेही खोल खोल गेले. चौमूं ज्या गोविंदगढ गटात येते, तिथे जमिनीत मुरते त्यापेक्षा जास्त पाणी उपसले जाते. शेतकऱ्यांनी तुषार सिंचन आणले, प्लास्टिक अंथरून शेततळी केली. घरातली बाई काय करणार? नळाच्या वेळेवर तिचा दिवस बेतलेला. पाहुणे आले तरी आधी हंडे.

त्यात माणसे वाढताहेत. 2001 मध्ये गावची लोकसंख्या 50 हजारांच्या थोडी वर होती, 2011 मध्ये 64 हजारांच्या वर गेली. पुढची जनगणना 2021 मध्ये व्हायची, ती लांबली. त्यामुळे टाकी केवढी बांधायची, शाळेत वर्ग किती हवेत, याचे हिशेब जुन्याच आकड्यांवर चालत राहिले. चौसष्ट हजारांसाठी आखलेले पाणी वाढलेल्या गावाला कसे पुरावे?

त्याच 2011 च्या मोजणीत राजस्थानात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 888 मुली निघाल्या. मराठी वाचकाने नाक मुरडण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात 894 होत्या. फरक साक्षरतेत होता. महाराष्ट्रात शंभरातल्या पंचाहत्तरांहून अधिक स्त्रियांना लिहिता-वाचता येत होते, राजस्थानात जेमतेम बावन्न जणींना.

तेव्हा मोजल्या गेलेल्या त्या चिमुरड्यांतल्या थोरल्या आज कॉलेजच्या वयाच्या आहेत. एका बाजूला जयपूरची कॉलेजे, दुसऱ्या बाजूला सीकरचे कोचिंग क्लास. 2019 मध्ये जुन्या मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज गाडी सुरू झाली आणि चौमूं-सामोद स्टेशन पुन्हा जागे झाले. मुलीला बाहेर शिकायला धाडावे की नाही, या प्रश्नावर घरात आधी गुणांची चर्चा होत नाही. संध्याकाळची परतीची गाडी किती वाजता आणि स्टेशनावर घ्यायला कोण जाईल, हे आधी विचारले जाते.