विश्लेषण : गर्भपातावेळी ओळख गुप्त, मग गोळीसाठी का नाही?

तातडीची गर्भनिरोधक गोळी औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळते. संबंधानंतर ७२ तासांत, शक्य तितक्या लवकर ती घ्यायची. नेहमीच्या वापरासाठी ती नाही. रोजच्या गोळ्या अधिक भरवशाच्या. पण त्या सुरू करण्याआधी रक्तदाब मोजावा लागतो, अर्धशिशी किंवा रक्तात गुठळी होण्याचा त्रास आहे का, हे विचारावे लागते. म्हणजे डॉक्टर हवाच.

अल्पवयीन मुलींचे अडते ते इथेच. २०१२च्या ‘पोक्सो’ कायद्यात १८ वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य नाही. संबंधाची माहिती मिळालेल्या कोणालाही, अगदी डॉक्टरलाही, पोलिसांना कळवणे कलम १९नुसार बंधनकारक. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मित्रावर गुन्हा दाखल होईल या धास्तीने सतरा वर्षांची मुलगी दवाखान्याची पायरी चढेल कशी? तिला सोयीचे वाटते ते दुकानच.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी थोडी वाट मोकळी केली. मुलगी आणि पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख देण्याची गरज नाही. मात्र ही सवलत गर्भपातापुरतीच आहे. दिवस जाऊ नयेत म्हणून सल्ला मागणाऱ्या मुलीला ती लागू नाही.