आधी माग बघा, मग चिप निवडा

प्रोजेक्टचे दिवस आले की इंजिनिअरिंगच्या पोरांत तोच वाद. पहिल्या प्रोजेक्टला ८०५१ घ्यायचा, अर्डुइनो की एआरएम? एक गट म्हणतो, ८०५१ शिवाय पाया पक्का होत नाही. दुसरा म्हणतो, १९८० सालची चिप कशाला, नोकरीला एआरएम विचारतात. आता तिसरा गट आलाय: रिस्क-फाइव्ह घ्या, ते खुलं आहे, सी-डॅकने त्यावर स्वदेशी तेजस३२ बनवलीय. तिघांना माझा एकच प्रश्न. चिपनं करायचं काय?

अहो, सोलापुरात राहतो आपण. काम दारात आहे. यंत्रमागावर बाण्याचा धागा एकदा आरपार गेला की एक पिक. मिनिटाला १२० पिक धरा, म्हणजे सेकंदाला दोन. १२ मेगाहर्ट्झवरचा जुना ८०५१ सेकंदाला जास्तीत जास्त १० लाख सूचना चालवतो. दोन पिकांच्या मध्ये तो नुसता बसून असतो. तेव्हा वेगाच्या गप्पा बंद करा.

गोम वेगळीच आहे. अर्डुइनो उनोवर साधा ‘इंट’ १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. वरच्या हिशेबाने साडेचार तासांत तो भरतो आणि मीटर उणे आकडा दाखवायला लागतं. त्या मीटरवर मजुरी लावली तर नुकसान कुणाचं? मागावर उभ्या असलेल्या कामगाराचं. ‘लाँग’ वापरा, सुटेल. पण ८ बिटी चिप चार बाइट एका दमात वाचत नाही. वाचता वाचता इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा आकडा हाती येतो. म्हणून तेवढा वेळ इंटरप्ट बंद ठेवावा लागतो. आर्किटेक्चर म्हणतात ते हे. पिनांची आकृती पाठ करणं म्हणजे आर्किटेक्चर नव्हे.

या कामाला माझं मत ३२ बिटीला. २०२१ चा रास्पबेरी पाय पिको घ्या, त्यात एआरएमचेच कोर आहेत. हा आकडा तो एका दमात वाचतो, आणि दुसरा पिको जोडून प्रोग्राम ओळीओळीने तपासता येतो. खोट त्यातही आहे. पिना ३.३ व्होल्टच्या, २४ व्होल्टचा सेन्सर थेट जोडलात तर चिप गेलीच, मध्ये ऑप्टोकपलर हवा. वीज गेल्यावर आकडा जपायला उनोच्या चिपमध्ये १ केबी ईईप्रॉम असते, पिकोत ती सोय आपण करायची.

आणि स्वदेशीवाल्यांनो, तेजसचा अभिमान मलाही आहे. पण चिप स्वदेशी आणि प्रोजेक्ट दुकानातून तयार विकत आणलेला, हे कसलं स्वदेशी?

कॉलेजांकडे मागणी एवढीच. मंजुरी देताना चिपचं नाव शेवटी विचारा. आधी एक पान लिहून घ्या: कोणता माग, किती तास चालणार, वीज गेली तर काय, आकडा चुकला तर पैसे कुणाचे जाणार. ते पान ज्याला लिहिता येईल, त्याला चिप निवडता येईल. ज्याला येणार नाही, त्याच्या हातात कोणतीही चिप द्या, सारखीच.