काटा उतरतोय, पण मांड्यांचं काय?

साठी ओलांडलेल्या आणि खिशात मधुमेहाच्या किंवा वजनाच्या औषधाची चिठ्ठी असलेल्या सगळ्यांना ही विनंती आहे. सुनेच्या मामांनी घेतलं, त्यांचं पोट उतरलं, म्हणून केमिस्टकडे इंजेक्शनची चौकशी करणाऱ्यांना तर आधी आहे.

मौंजारो हे इंजेक्शन मार्च २०२५मध्ये भारतात आलं, पाठोपाठ जूनमध्ये वेगोव्ही. वेगोव्हीतलं औषध सेमाग्लुटाइड. त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६पर्यंतचीच, म्हणजे पुढे देशी कंपन्यांना रान मोकळं. भाव उतरला की घेणारे वाढतात. आणि आता तर ‘ही औषधं म्हातारपणच लांबवतात’ असंही कानावर येऊ लागलंय.

त्यात तथ्य आहे, पण कुणासाठी ते बघा. ‘सिलेक्ट’ नावाच्या चाचणीचे निकाल २०२३मध्ये आले. हृदयविकार असलेली, वजन जास्त असलेली, पण मधुमेह नसलेली १७,६०४ माणसं त्यात होती. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी भरलं. मधुमेहाने किडनी बिघडलेल्यांनाही या औषधाचा फायदा झाल्याचं पुढच्याच वर्षी दिसलं. त्याआधी २०१५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या साध्या गोळीने, मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांत, हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटवले होते. म्हातारपणी हृदय आणि किडनी शाबूत राहणं ही लहान गोष्ट नाही. तुम्ही या गटात बसत असाल तर औषधाला घाबरू नका, डॉक्टरांशी बोला.

पण यातलं कुणीही धडधाकट नव्हतं. निरोगी माणसाचं आयुष्य या औषधांनी वाढतं असा पुरावा आज कुणाकडे नाही. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना सेमाग्लुटाइडच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०२५मध्ये निकाल आला, आजाराचा वेग कमी झाला नाही. रील बनवणाऱ्यांनी ही बातमी फारशी फिरवली नाही.

आता आपल्या मातीतली गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघेही शिडशिडीत, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसतो, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी.

इथेच माझी काळजी सुरू होते. ही इंजेक्शनं भूक मारतात, वजन झपाट्याने उतरतं, पण उतरतं ते सगळं चरबीचं नसतं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत काही जणांच्या शरीराचं स्कॅन केलं, तेव्हा घटलेल्या वजनात सुमारे ४० टक्के वाटा चरबी सोडून इतर गोष्टींचा निघाला, म्हणजे स्नायू, पाणी वगैरे. घरातली अडगळ काढताना तुळईही काढून नेली, असा प्रकार. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. उतारवयात असं परत येणारं वजन बहुतेक चरबीचंच असतं.

म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी घरी एक गोष्ट करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, कुणाला तरी शेजारी उभं करा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि हाताचा आधार न घेता पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला किंवा उठताच आलं नाही, तर मांड्यांत जोर कमी आहे. हे डॉक्टरांना वजनाच्या आकड्याआधी सांगा. दर महिन्याला पुन्हा करून आकडा कॅलेंडरवर लिहा. काटा खाली येतोय आणि सेकंद वाढताहेत, तर डोस आणि आहार दोन्हींचा फेरविचार हवा.

भूक मेली की आजी चहात बिस्किट बुडवून खाते आणि ‘आज पोट भरलंय’ म्हणते. असं चालणार नाही. किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, आणि पातळ वरणाच्या वाटीत त्याहूनही कमी, यावरून हिशेब करा. पानात आधी उसळ, अंडं, मासा किंवा पनीर संपवा, भात नंतर. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि नुसतं चालून भागत नाही. खुर्चीतून उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, जिने चढणं, जे झेपेल ते आठवड्यातून दोन-तीनदा करा.

मेटफॉर्मिनबद्दलही दोन शब्द. मधुमेहासाठी ती जुनी, स्वस्त आणि भरवशाची गोळी आहे. घेत असाल तर घेत राहा. पण ‘तरुण राहायला’ म्हणून निरोगी माणसाने ती घेऊ नये. ६५ वर्षांपुढच्या निरोगी लोकांना १४ आठवडे वजनांचा व्यायाम करायला लावला, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. २०१९मध्ये हे प्रसिद्ध झालं. शिवाय वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ घटतं आणि शाकाहारी घरात ते मुळातच कमी असतं. पायाला मुंग्या आल्या की ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून देतात. वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्या.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना वजनाचं इंजेक्शन सुरू केलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून आधीचे डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावे लागतात. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे गेली तर पुढचा डोस न घेता लगेच दवाखाना गाठा. ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदूचं का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते सांगा, कारण या औषधाने अन्न पोटात बराच वेळ रेंगाळतं. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही सांगा. या गोळ्या मोठ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधीच थांबवायच्या असतात.