मनीचा फोटो आणि सातवा अध्याय



मागच्या महिन्यात आमच्या घरी मांजराचं फोटोसेशन झालं. हे मी मंदिरात सांगितलं तेव्हा दोघी हसल्या आणि एकीने तोंड फिरवलं. हसणाऱ्यांचं मी समजू शकते. तोंड फिरवणारीचं म्हणणं मला बरंचसं मान्य आहे, म्हणून आधी तिला उत्तर देते.

आपल्याकडे मांजर पाळणं चांगलं मानलेलं नाही. स्वामी कार्तिकेयांच्या अनुप्रेक्षेत मांजरासारखे हिंसक प्राणी पाळणं अनर्थदंडात, म्हणजे विनाकारण ओढवून घेतलेल्या पापात धरलं आहे. त्याचं कारण आडतवाल्याच्या बायकोला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मोंढ्यात धान्याच्या पोत्यांना उंदीर लागतात, म्हणून गोदामात मांजर ठेवतात. उंदीर आपण मारायचा नाही, पण मारणारं पाळायचं! माझ्या सासऱ्यांनी दुकानात मांजर कधी ठेवू दिलं नाही.

मनीला आम्ही आणलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या पावसात ती जिन्याखाली येऊन पडली. मूठभर पिल्लू, एक डोळा चिकटलेला. बाहेर ठेवलं असतं तर कुत्र्यांनी सकाळ पाहू दिली नसती. जीवदया म्हणून आत घेतलं, ती राहिली. तिच्या खाण्याचा प्रश्न आमच्या घरात अजून पुरता सुटलेला नाही. नुसत्या दूध-पोळीवर मांजर निभत नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिचं खाणं मुलगा परस्पर आणतो आणि मागच्या अंगणात घालतो. मी ते पाहते आणि सामायिकाला बसल्यावर ते आठवतं. यापेक्षा जास्त खरं मला सांगता येणार नाही.

आता फोटोचं. नात शिकायला पुण्याला निघाली. होस्टेलच्या खोलीत लावायला तिला मनीचा चांगला, मोठा फोटो हवा होता. मोबाइलवरचे शेकडो फोटो होते, पण सगळ्यांत मनी एकतर पळत होती नाहीतर शेपटीच दिसत होती. म्हणून मे महिन्यात शहरातल्या एका स्टुडिओत वेळ घेतली. तिथून व्हॉट्सॲपवर यादी आली. आदल्या दिवशी शाम्पूने अंघोळ घाला. नखं कापून आणा. सकाळपासून खायला देऊ नका, म्हणजे खाऊ दाखवल्यावर कॅमेऱ्याकडे बघेल. फ्रॉक, टोपी, मोत्यांची माळ आणा. फार उड्या मारत असेल तर थोडं गुंगीचं औषध चालेल.

औषध सोडून आम्ही सगळं केलं. शेजारणीने सर्दीच्या गोळीचा तुकडा द्यायला सांगितलं होतं, तेवढी मात्र बुद्धी शाबूत होती. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं आणि मांजराला ते जीवघेणं ठरतं. हे लक्षात ठेवा, कुणाला तरी उपयोगी पडेल.

अंघोळीच्या वेळी मनी जी ओरडली ती मी विसरणार नाही. बीडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, चाळिशीच्या वर. त्यात जाळीच्या टोपलीत बसवून रिक्षाने नेली. स्टुडिओत फ्लॅश उडाला आणि फ्रॉकसकट ती पडद्यावर चढली. मदतनीस मुलाच्या हातावर ओरखडे, खालच्या पांढऱ्या कापडावर लघवी. तिला खाली उतरवायला त्यांनी ट्यूबमधला खाऊ काढला. मी वाचून पाहिलं, तो मासळीचा होता. उपाशी जिवाला मासळीच्या वासाने ओढायचं आणि तेही माझ्या समोर! मी टोपली उचलली आणि घरी आले. मनी कपाटामागे शिरली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही, काही खाल्लंही नाही.

मी बी. कॉम. झालेली, खर्च मांडायची सवय आहे. आगाऊ भरलेले पैसे गेले ते लिहिले. पण मनीची भीती कुठल्या रकान्यात लिहायची, ते कळेना.

त्या संध्याकाळी तत्त्वार्थसूत्र घेऊन बसले. दशलक्षणात सातव्या दिवशी आपण सातवा अध्याय ऐकतो. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. वर्षानुवर्षं ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बैलगाडी यायची. ओझ्याचा बैल, गोठ्यातली गाय. आपल्या घरात आता बैल नाही, त्यामुळे हे अतिचार आपल्याला लागतच नाहीत असं वाटायचं. त्या दिवशी स्टुडिओची यादी सूत्राशेजारी ठेवली. टोपलीत कोंडणं हा बंध. फ्रॉक, टोपी, माळ हा तिच्या अंगाला अतिभार. सकाळपासून उपाशी ठेवणं हा सरळसरळ अन्ननिरोध. पाचातले तीन मी एका सकाळी करून आले होते, तेही हौसेने आणि पैसे भरून.

उपाशी ठेवण्याचं मला सर्वांत जास्त लागलं. आपण उपवास करतो तो आपल्या इच्छेने, नियम घेऊन. मनीने कुठला नियम घेतला होता? आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचं पोट रिकामं ठेवलं तर त्याला उपवास म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात.

देशाचा कायदाही जवळपास हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याच्या ११व्या कलमात मारणं, जास्त ओझं लादणं, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान जागेत कोंडणं, पुरेसं अन्नपाणी न देणं, अवयव तोडणं हे सगळं गुन्हा म्हणून येतं. या कायद्यामागे एका बाईचा मोठा वाटा आहे. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आधी खासगी विधेयक मांडलं होतं. संसदेने १९६०मध्ये जे लिहिलं, ते आपल्या सूत्रात दीड हजारांहून जास्त वर्षं आहे. आपण ते पाठ म्हणतो, पण ते मांजरालाही लागू आहे हे आपल्याला स्टुडिओत जाऊन कळतं.

नात रडली, पण समजली. जूनमध्ये आम्ही दुसऱ्यांदा प्रयत्न केला तो घरीच, लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या मुलाला बोलावून. मी त्याला आधीच सांगितलं, मनी तयार झाली तर फोटो, नाही झाली तर चहा पिऊन जा, पैसे पूर्ण मिळतील. कुणाला करायचंच असेल तर आम्ही काय केलं ते सांगते.

अंघोळ घातली नाही. मांजर स्वतःचं अंग चाटून स्वच्छ ठेवतं. आठ दिवस रोज मऊ ब्रश फिरवला, त्याची तिला गोडी लागली. डोळ्यांचे कोपरे कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसले, प्रत्येक डोळ्याला वेगळं फडकं. पावडर, अत्तर, गंध काही नाही, कारण अंगाला लावलेलं सगळं चाटून तिच्या पोटात जातं. मिशांना कात्री लावायची नाही, मांजर मिशांनी अंदाज घेतं. नेहमीचं खाणं नेहमीच्या वेळी दिलं. तिची जुनी गोधडी धुतली नाही, तिचाच वास राहू दिला आणि खिडकीजवळ टाकली. सकाळी सातचा उजेड, त्यामुळे फ्लॅशची गरज पडली नाही. तो मुलगा आदल्या संध्याकाळीही येऊन गेला, नुसता जमिनीवर बसला, कॅमेरा शेजारी ठेवून. मनीने येऊन कॅमेऱ्याचा पट्टा हुंगला. दुसऱ्या दिवशी नातीने दोरीचं टोक हलवलं, मी बाजूला भाजी निवडत बसले. पाऊण तासात सहा-सात फोटो मिळाले. एकात मनी अर्धे डोळे मिटून खिडकीत बसली आहे, गळ्यात काही नाही, डोक्यावर काही नाही. तो पुण्याला गेला.

मला कुणी म्हणेल, एका फोटोसाठी एवढा विचार कशाला? माझं म्हणणं उलट आहे. एका फोटोसाठी होतं म्हणूनच विचार हवा. आजारी मांजराला दवाखान्यात न्यायचं तर टोपलीत कोंडावंच लागतं, ते तिच्या भल्याचं आहे. फोटोत तिचं भलं काहीच नाही. तिला आपला चेहरा भिंतीवर नको असतो, तो आपल्याला हवा असतो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हॅरी व्हिटियर फ्रीस नावाचे छायाचित्रकार मांजराच्या पिल्लांना झबली-टोप्या घालून फोटो काढायचे, त्यांची पोस्टकार्डं घरोघर विकली जायची. आता तेच आपल्या मोबाइलवर दिवसभर येतं आणि आपण हसून पुढे पाठवतो. मीही पाठवत होते. आता असा व्हिडिओ आला की आधी त्या प्राण्याचे कान बघते. मागे चिकटलेले असले तर पाठवत नाही. भ्यालेल्या मनीचे कान मी जवळून पाहिले आहेत.

परवा नातीचा फोन आला. शेजारच्या खोलीतली मुलगी विचारत होती, तुमच्या मांजराला काही घातलं का नाही फोटोत? नात म्हणाली, "आजीने घालू दिलं नाही."

येत्या क्षमावाणीला घरच्या सगळ्यांची क्षमा मागेन, तेव्हा मनीसमोरही हात जोडणार आहे. तिला कळणार नाही, पण मला कळेल.