कुळाचा हक्क आणि न्यायालयाची पायरी

कसणारा हाच जमिनीचा मालक, असे गोव्याच्या कायद्याने १९७६ साली सांगितले. त्या वेळी नांगर धरणारे आज हयात असले तर वृद्ध झाले आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांचे नातू मामलेदार कचेरीत तारखा घेत आहेत. कायदा बोलला, पण कुळाच्या हाती कागद आला नाही. असे का व्हावे?

भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने १९६४ साली कूळ कायदा करून कुळाला संरक्षण दिले आणि खंडाला मर्यादा घातली. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ साली झालेल्या पाचव्या दुरुस्तीने पुढचे पाऊल टाकले. कुळाने जमीन विकत घेतली असे मानावे, किंमत मामलेदाराने ठरवावी आणि ती भरल्यावर कुळास सनद मिळावी, अशी ही योजना. तिला न्यायालयात आव्हान मिळाले. पुढे १९८४ च्या सत्तेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने मूळ कायदा व पाचवी दुरुस्ती दोन्ही घटनेच्या नवव्या परिशिष्टात गेली.

तथापि हे परिशिष्ट म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालानंतर त्यात घातलेला कायदा घटनेच्या मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी कोएल्हो प्रकरणात २००७ साली स्पष्ट केले. गोव्याचा कायदा त्या तारखेनंतरचा. काहींना यात कुळांचा घात दिसतो. आम्हांला तसे वाटत नाही. जमीन सुधारणेच्या कायद्यांना घटनेच्या कलम ३१-क चा आधार आहेच, आणि जो कायदा न्याय्य आहे त्याने तपासणीला भिण्याचे कारण नाही.

कुळाचा घात होतो तो अन्यत्र. त्याचा खरा झगडा वस्तुस्थितीचा आहे : हा कूळ की मजूर? खंड भाताच्या रूपाने दिलेला, पावती नाही; करार तोंडी. एक-चौदाच्या उताऱ्यात कूळ म्हणून नाव असले तर ते खरे धरले जाते, परंतु उलट पुराव्याने ते खोडून काढता येते. नाव नसले तर सारा भार कुळावर. मामलेदाराचा निकाल, त्यावर अपील, मग प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि शेवटी कलम २२७ खाली उच्च न्यायालय. तेथे निकालात उणीव आढळली की प्रकरण फेरचौकशीसाठी पुन्हा मामलेदाराकडे! तोवर साक्षीदार वारलेला असतो.

सरकारने यावर शोधलेला उपाय झोपाळ्यासारखा होता. २०१४ साली हे दावे मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे दिले. कुळांनी खर्चाची व विलंबाची भीती बोलून दाखविली. २०१७ साली ते पुन्हा मामलेदारांकडे आले. झोपाळा पुढे गेला, मागे आला. कूळ होते तेथेच राहिले.

आमच्या मते दोष न्यायालयीन तपासणीचा नाही, पहिल्या पायरीचा आहे. निवडणुका, दाखले, पूर, मिरवणुकांचा बंदोबस्त सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने उरलेल्या वेळात कुणाच्या पिढीजात हक्काचा निवाडा करावा, ही अपेक्षाच चुकीची. या दाव्यांसाठी स्वतंत्र, कायदा जाणणारे आणि वारंवार न बदलणारे मामलेदार हवेत. त्यांनी शेतावर जाऊन, शेजाऱ्यांच्या साक्षी घेऊन, कारणांसह निकाल द्यावा. तो असा भक्कम असला तर उच्च न्यायालयालाही पुरावा नव्याने चाळण्याचे कारण उरणार नाही. अधिकारातिक्रम झाला काय, दोन्ही बाजू ऐकल्या काय, एवढेच त्याने पाहावे.

ही देखरेख नकोच, असे मात्र कुणी म्हणू नये. प्रत्येक भाटकार हा बडा जमीनदार नसतो. एका मळ्याच्या खंडावर जगणारी विधवाही कायद्याच्या भाषेत भाटकारच, आणि उताऱ्यातील चुकीच्या नोंदीने तिचा हक्क बुडत असेल तर तिने दाद कोठे मागावी?

जो मळा वादात आहे तो बहुधा पडीक राहतो. बांध फुटतात, खाजनात खारे पाणी शिरते. कूळ जिंको वा भाटकार, निकाल लागेल तेव्हा तेथे शेत उरले पाहिजे. नाही तर सनद हाती येईल आणि कसायला जमीन नसेल.